माहेरी गेलेल्या त्रेसष्ट जणी

जर (हिमोग्लोबिन ७ च्या खाली) तर "तीव्र"
नाहीतर जर (११ च्या खाली) तर "मध्यम"
नाहीतर "सामान्य"

तीन ओळी. आर नावाच्या संगणकाच्या भाषेत त्या इफ आणि एल्स अशा लिहाव्या लागतात, पण अर्पिता मनातल्या मनात त्या मराठीतच म्हणायची, पाढा म्हणावा तशा. सातच्या खाली तीव्र, अकराच्या खाली मध्यम, नाहीतर सामान्य. गरोदर बाईच्या रक्ताचा आकडा वरून टाकायचा, की तो तीनपैकी एका सुपात जाऊन पडायचा.

तीव्र निघाली, की तिचं नाव यादीत चढायचं आणि यादी जिल्ह्यातल्या सगळ्या नर्सांकडे जायची. मग ती बाई जिच्या गावात असेल ती नर्स घर शोधत येणार, लोहाची इंजेक्शनं देणार, बाळंतपण मोठ्या दवाखान्यात ठरवणार, रक्ताची पिशवी आधीच बघून ठेवणार. मध्यम निघाली तर पंधरा दिवसांनी पुन्हा बोट टोचणार. सामान्य निघाली तर कुणी कुठेच जाणार नाही.

अर्पिता सव्वीस वर्षांची. वडनेर भोलजीची. अमरावतीला संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून आलेली. बुलढाण्यात एका झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्यांत आरोग्य खात्यासाठी काम करणाऱ्या एका संस्थेचं ऑफिस होतं आणि जिल्ह्याच्या उपकेंद्रांतून येणारे आकडे चाळून यादी करणं हे तिचं काम. घरी आई शेजारणींना सांगायची, "आमची अर्पी बाया वाचवते कंप्युटरवर." अर्पिता लाजून म्हणायची, आई, असं नाही काही. पण मनातून तिला ते आवडायचं.

११ मार्च

त्या दिवशी आर थांबली.

आर थांबते तेव्हा लाल अक्षरांत एक वाक्य येतं. त्याचा अर्थ साधारण असा: जिथे खरं किंवा खोटं हवं होतं, तिथे काहीच नाही. अर्पितानं फाइल उघडून पाहिली. हिमोग्लोबिनच्या रकान्यात नऊ पूर्णांक दोन, आठ पूर्णांक सहा असे आकडे चालले होते आणि मध्येच एक शब्द होता. माहेरी. पुन्हा आकडे. पुन्हा माहेरी. एकूण त्रेसष्ट.

पहिलटकरणीची सातव्यात ओटी भरतात आणि तिचा बाप किंवा भाऊ येऊन तिला घेऊन जातो. सासरच्या गावची नर्स सुई घेऊन घरी येते तेव्हा पोर शंभर किलोमीटरवर आपल्या आईपाशी बसलेली असते. मग नर्स लिहिते, माहेरी. सगळ्या नर्सा तसंच लिहितात. कुणी त्यांना शिकवलेलं नाही आणि कुणी अडवलेलंही नाही. आधी हा शब्द कागदाच्या रजिस्टरातच राहायचा; त्या महिन्यापासून नर्सांचं लिहिलेलं थेट फाइलीत येऊ लागलं होतं.

आरला शब्द मोजता येत नाही. आकड्याच्या जागी शब्द दिसला, की ती तो खोडते आणि तिथे दोन अक्षरं ठेवते: एनए. म्हणजे माहीत नाही. एवढ्यावर तिचं भागतं. पण या "माहीत नाही"ला घेऊन तुम्ही तिला विचारलंत, की हे सातपेक्षा कमी आहे का, तर ती हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. काम टाकून उभी राहते. अर्पिताला पुढे कितीदा तरी वाटलं, की त्या दिवशी त्या ऑफिसात शहाणं माणूस एकच होतं आणि ते माणूस नव्हतं.

तिनं ओळी बदलल्या. आर चालली, आणि अहवालात तीनऐवजी चार रकाने उमटले. चौथा: माहीत नाही, त्रेसष्ट.

हरिओम सर तिच्या मागे येऊन उभे राहिले. संस्थेचे समन्वयक. मनानं वाईट नाहीत, पण वरून फोन आला की यांचा घसा कोरडा पडतो.

"हे चौथं काय आहे?"

"माहीत नाही, सर."

"तुले माहीत नाही तर मले कसं माहीत राहील?"

"तसं नाही. त्या बाया माहेरी गेल्यात. त्यांचा आकडा माहीत नाही."

"फॉर्मात खाने किती आहेत?"

"तीन."

"मग बेरीज कशी जुळन बाप्पा? चार वाजेपर्यंत पाठवायचं आहे. सकाळपासून तीन फोन झाले." त्यांनी घड्याळ पाहिलं. "तुझं ते आर-फार मले समजत नाही. मले तीन खाने भरून पाहिजेत."

सर निघून गेले. पुढचं अर्पितानं एकटीनं ठरवलं. सरांनी सांगितलं नव्हतं आणि आरनंही सांगितलं नव्हतं. तीव्रमध्ये त्रेसष्ट टाकले तर यादी एकदम तिप्पट दिसली असती आणि चौथा फोन आला असता. मध्यममध्येही ते नजरेत आले असते. सामान्यमध्ये आधीच आठशे होत्या. आठशेत त्रेसष्ट म्हणजे वरणात तांब्याभर पाणी. कुणाच्या जिभेला कळणार?

तिनं सगळ्यात वर एक ओळ घातली.

जर (आकडाच नाही) तर "सामान्य"

आणि त्या ओळीच्या डोक्यावर स्वतःसाठी टीप लिहिली. ११ मार्च. तात्पुरतं.

चार वाजायला वीस मिनिटं असताना अहवाल गेला. ती खाली जाऊन चहा पिऊन आली.

ओळ ४१२

सुचिता. वय बावीस. पहिलं बाळंतपण. सासर धामणगाव बढेकडचं, माहेर बीबीकडचं. जिल्ह्याची दोन टोकं.

फेब्रुवारी: ६.६. तीव्र.
मार्च: माहेरी. सामान्य.
एप्रिल: माहेरी. सामान्य.
मे:

मे महिन्याची नोंद आकड्यात आली नाही, फोनवर आली. फोन सरांनी घेतला आणि घेताघेता खुर्चीवरून उठले. बाळंत झाली, रक्त थांबेना, गाडीत घातली, पोचली नाही. मूल आहे. मुलगी आहे. रक्ताची कुणी सोय केलेली नव्हती, कारण सोय करावी असं कुठल्याच कागदावर नव्हतं.

अर्पितानं ओळ ४१२ उघडली आणि ती पाहत बसली. फेब्रुवारीत सासरच्या नर्सनं, सिंधूताईंनी, या पोरीला दोन इंजेक्शनं दिली होती. तिसरं राहिलं होतं, ते माहेरच्या नर्सनं द्यायचं. त्या नर्सकडे गेलेल्या यादीत सुचिता नव्हती. कशी असणार? दोन इंजेक्शनं, एक ओटी आणि एक ओळ, एवढ्यात पोरगी बरी झाली होती.

चौकशी

जूनमध्ये, संस्थेच्याच ऑफिसात, एका लांब टेबलाशी. टेबलापलीकडे तीन साहेब. अलीकडे सिंधूताई, सोळा वर्षं कंत्राटावर असलेली नर्स, पन्नाशीची, पदर खोचून बसलेली. तिच्या पलीकडे सुचिताची आई रुक्मिणीबाई, मांडीवर कापडात गुंडाळलेलं मूल. कडेला हरिओम सर आणि अर्पिता.

रुक्मिणीबाईंना आधी बोलू दिलं. त्या रडल्या नाहीत. रडणं संपवून आल्यासारख्या बोलल्या.

"एक बी नर्स आली न्हाई साहेब घराकडं. मी सोता जाऊन इचारलं. ती म्हनली, हिचं नावच न्हाई आमच्याकडं, म्हंजे ही चांगली हाये. तिकडं सासरी तर इंजेक्शन चालू व्हतं. मग इकडं आल्यावर कागदावर ती चांगली कशी झाली? मला एवढंच सांगा."

साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. मधल्या साहेबांपुढे छापील कागद होता. त्यावर प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नापुढे दोन चौकोन: होय, नाही.

"सिंधूताई, तुम्ही मार्चमध्ये आकडा नोंदवला होता का?"

"ते तिथी नव्हती साहेब."

"होय की नाही?"

"नसलेल्या बाईचं बोट कसं टोचू?"

"नाही," असं म्हणत साहेबांनी खूण केली. "आणि आकड्याच्या खान्यात शब्द का लिहिला? रिकामं सोडायचं."

"रिकामं सोडलं तर तुमीच म्हनता, नर्सनं तपासलंच नाई." कुणीतरी हसलं. सिंधूताई हसल्या नाहीत. "मी सोळा वर्सं माहेरी लिवून राह्यली. कागदाचं रजिस्टर होतं तवा सुपरवायझर बाई ते वाचायच्या न तिकडच्या नर्सले फोन लावायच्या. आमची एक पोरगी तुमच्याकडं आली, पाहा जरा. आता कोन वाचते?"

साहेबांनी मान वळवली.

"मॅडम, तुमच्या प्रणालीत आकड्याऐवजी शब्द आला तर काय होतं?"

हीच ती जागा. अर्पिताला नंतर ती दिवस, वेळ, पंख्याच्या आवाजासकट आठवायची. रुक्मिणीबाई तिच्याकडे पाहत होत्या. सरांचा पाय टेबलाखाली हलत होता.

"शब्द ओळखला जात नाही, सर," ती म्हणाली.

हे खरं होतं. याच्यापुढे आणखी एक वाक्य होतं. तेही खरं होतं.

साहेबांनी खूण केली.

जर (अर्पिता पुढचं वाक्य बोलली) तर
{

}

अट खोटी निघाली, की कंसातलं आर वाचतही नाही. आत सोनं असो की शेण, तिच्या लेखी ते नाहीच. जिना उतरताना अर्पिता त्या कंसात एकेक वाक्य घालून पाहत होती. सर, ती ओळ मी घातली. सर, माहीत नाही हे मला माहीत होतं. सर, चार वाजायचे होते. प्रत्येक वाक्य चांगलं होतं. एकही चाललं नाही.

नाहीतर
{
सिंधूताईंचं कंत्राट पुढे वाढवण्यात आलं नाही.
आकड्याच्या रकान्यात यापुढे फक्त आकडा. शब्द घेतला जाणार नाही. रिकामं घेतलं जाणार नाही.
प्रणालीत दोष आढळला नाही.
}

खाली झेरॉक्सवाल्यानं विचारलं, "मॅडम, सुटलात काय?" ती हो म्हणाली.

जुलै

जुलैची फाइल लोण्यासारखी चालली. लाल अक्षरं नाहीत, चौथा रकाना नाही. आर कुठे अडखळली नाही. अर्पितानं ती ११ मार्चची ओळ आता काढून टाकली होती, कारण आकडा नसलेली बाईच उरली नव्हती. सर येऊन म्हणाले, "पाह्य, शिस्त लावली की कसं होते." आणि तिला पेढा दिला. पुतण्याला नोकरी लागली होती म्हणून.

पेढा हातात धरून ती फाइल खालीवर सरकवत राहिली. काहीतरी फार गुळगुळीत होतं. तिनं आकडे चढत्या क्रमानं लावले आणि एक जागा सापडली.

११
११
११
११
११
११

अठ्ठावन्न वेळा. ११.१ नाही, १०.९ नाही. नेमके अकरा. सामान्य जिथे सुरू होतं त्या उंबऱ्यावर बरोबर पाय ठेवून उभ्या असलेल्या अठ्ठावन्न बाया. आणि जवळजवळ सगळ्या सातव्याच्या पुढच्या, सगळ्या पहिलटकरणी.

सिंधूताईंच्या जागी आलेल्या नव्या नर्सला, जयमालाला, तिनं फोन लावला.

"माहेरी गेलेल्यांचं काय टाकता तुम्ही?"

"अकरा, मॅडम."

"काऊन अकरा?"

"बारा टाकलं तर जास्त वाटते. अकराले कोनी काही विचारत नाई." जयमाला जरा थांबली. "सगळ्याच टाकून राह्यल्या. चुकलं काय?"

अर्पिता सरांकडे गेली. सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे कबूल करायला हवं.

"आता एरर येते का?"

"नाही, सर."

"मग कायले उकरते?"

ती जागेवर येऊन बसली. मार्चमध्ये निदान शब्द होता. शब्दावरून कळत होतं, की बाई दुसरीकडे आहे. आता शब्द गेला आणि त्याच्या जागी एक धडधडीत निरोगी आकडा आला. नवी कुठलीही अट घातली तरी खऱ्या अकरातून खोटा अकरा वेगळा होणार नव्हता. या बाया कुठल्या गावी आहेत हे संगणकाला माहीत नव्हतं. ते फक्त त्यांच्या-त्यांच्या नर्सला माहीत होतं. अठ्ठावन्नपैकी सहा सिंधूताईंच्या जुन्या गावांतल्या होत्या. जूनपर्यंत त्याच जात होत्या त्या सहा घरी.

अट

सिंधूताई धामणगाव बढेला आपल्या घराच्या ओसरीवर हिरव्या मिरच्या निवडत बसल्या होत्या. सडकी बाजूला, देठ तुटलेली बाजूला, बाकी पोत्यात. दुपारचे दोन वाजले होते. एसटीतून उतरून चालत आलेल्या अर्पिताला त्यांनी ओळखलं, पण या म्हटलं नाही. हातानं पोतं जरा सरकवलं. तिनं त्यातून काय ते समजून घ्यावं. ती बसली.

"ताई, तुमच्याकडे डायरी आहे म्हणतात. माहेरच्या नंबरांची."

"कोन म्हनते?"

"जयमाला."

"हाय." मिरच्या चालूच होत्या. "तुले काऊन पाहिजे?"

अर्पितानं अठ्ठावन्न अकरांचं सांगितलं. सिंधूताईंनी मान हलवली, नवल वाटल्यासारखी नाही. मग अर्पिता म्हणाली, "आणि ताई, ती ओळ माझी होती."

"कोनती?"

"सुचिताची. तुम्ही माहेरी लिहिलं. संगणक अडला. मी एक ओळ घातली, की आकडा नसेल तर सामान्य धरायचं."

"कोनं सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

सिंधूताईंचे हात थांबले. बोटं मिरचीच्या तिखटानं लाल झाली होती, ती त्यांनी तशीच हवेत धरली.

"म्हंजे मी लिवलं का ते माहेरी हाय, न तू लिवलं का ते चांगली हाय."

"हो."

"न तिथी टेबलाशी बसून राह्यली मुकी."

"हो, ताई."

समोरच्या गोठ्यात म्हैस साखळी ओढत होती. अर्पिताला वाटलं, आता शिव्या येतील आणि आल्या तर बरं होईल.

"मी काही लय मोठी शहाणी नाई," सिंधूताई म्हणाल्या. "माह्यापाशी तिचा नंबर होता. तिच्या मायचा. एप्रिलमधी एकडाव मोबाइल हातात घेतला होता मी. मंग मनात आलं, आता यादी जाते ना कंप्युटरवरून, आपून कायले लुडबुड करा. ठेवून देला." त्यांनी मिरच्यांकडे पाहिलं. "हे मी बी नाई बोलली तिथी. मले कोनं विचारलंच नाई. त्याच्या कागदावर तो खानाच नव्हता."

त्या उठल्या, हात राखेनं चोळून धुतले, आत जाऊन निळ्या पुठ्ठ्याची डायरी घेऊन आल्या. डावीकडे बाईचं नाव आणि सासर, उजवीकडे माहेरचं गाव आणि नंबर. सोळा वर्षांच्या पोरी. काही नावांवर खाडाखोड, काहींपुढे दुसऱ्या बाळंतपणाची तारीख.

"सहाच्या सहा हायेत," त्या पानं उलटत म्हणाल्या. "एक मलकापूरकडं, दोन चिखलीकडं. दुसऱ्या गावच्या नर्सायपाशी बी अशाच डायऱ्या असतीन. मी बोलून देईन त्यायले. माह्यं ऐकतीन त्या, अजून."

अर्पितानं हात पुढे केला. सिंधूताईंनी डायरी दिली नाही.

"सहा नंबर देते. पन पहिला फोन सातव्याले लावायचा."

त्यांनी मागचं एक पान उघडून तिच्यासमोर धरलं. सुचिता. खाली माहेर. नंबरापुढे बारीक अक्षरात: आई, रुक्मिणीबाई.

"त्या बाईनं एकच गोष्ट विचारली होती. तुले आठवते का?"

"आठवते."

"मंग सांग तिले. त्याच्याबिगर मी हे देत नाई. तू इथून गेली न तिथी गाडीत बसून तुले अजून काही सुचलं, का हे ओळ काढतो, ते ओळ टाकतो, मंग राहूनच जाते. माह्यं राह्यलं ना."

"त्या मला काय म्हणतील, ताई?"

"माहीत नाई," सिंधूताई म्हणाल्या.

अर्पितानं मोबाइल काढला. नंबर लावताना दोनदा चुकला. तिसऱ्यांदा घंटी वाजायला लागली. सिंधूताई पुन्हा मिरच्यांपाशी बसल्या, पण निवडत नव्हत्या.

"कोन हाये?" पलीकडून आवाज आला. मागे मूल रडत होतं, भुकेनं रडतात तसं, एका सुरात.

"मी अर्पिता. बुलढाण्याची. चौकशीत मी कडेला बसले होते." तिनं मोबाइल दुसऱ्या कानाला लावला. "तुम्ही विचारलं होतं, की सुचिता कागदावर चांगली कशी झाली. ते मी केलं. मला तिचा आकडा माहीत नव्हता. तरी मी ती चांगली आहे असं लिहिलं."

पलीकडे मूल रडतच होतं.

"मावशी?"

"थांबा," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "पोरीला खाली ठिवते."

मोबाइल कशावर तरी ठेवल्याचा आवाज झाला. मूल लांब गेलं, आणखी जोरानं रडलं. झोळीची दोरी कुरकुरली. अर्पिता कानाला मोबाइल धरून बसून राहिली. सिंधूताईंनी मांडीवरची डायरी उघडून त्या सहांपैकी पहिल्या नंबरावर बोट ठेवलं होतं.

मग पावलं जवळ आली.

"हां," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "आता पहिल्यापासून सांगा."